वर्षावास

फिल्मवर प्रकाश पडतो तो सेकंदाच्या एखाद्या बारीकशा अंशापुरता, आणि तेवढ्यात जे घडायचे ते घडून गेलेले असते. रौप्यक्षाराच्या स्फटिकावर चांदीचे मोजके अणू गोळा होतात. डोळ्याला ते दिसणे शक्य नसते, तरीही संपूर्ण चित्र तिथे हजर असते. त्याला सुप्त प्रतिमा म्हणतात. १८४० मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकाच्या ध्यानात आले, की चित्र डोळ्यांदेखत उमटेपर्यंत कागद कॅमेऱ्यात उजेडाला लावून बसण्याचे कारण नाही. थोडका स्पर्श पुरतो, उरलेले काम रसायने अंधारात करतात. डार्करूमच्या लाल उजेडात आयुष्याचा मोठा भाग घालवलेल्या मला वाटत राहते, की बघणे आणि दिसणे यांच्यामधला तो अंधार या कलेच्या घडणीतच होता आणि आम्ही त्याला उगाच अडचण समजत आलो.

हा अंधार किती लांबू शकतो? १८९७ मध्ये सालोमन आंद्रे हा स्वीडिश साहसवीर दोन सोबत्यांसह हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाला. फुगा बर्फावर उतरला, तिघे पायपीट करत एका निर्जन बेटावर पोहोचले आणि तिथेच संपले. १९३० मध्ये त्यांचे अवशेष सापडले, सोबत चित्रे टिपलेल्या पण न धुतलेल्या फिल्मही. तेहतीस वर्षे बर्फात राहिलेल्या त्या फिल्ममधून नव्वदहून अधिक चित्रे वर आली. त्यांतल्या एकात कलंडलेला फुगा आहे आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली दोन माणसे. तिसरा, निल्स स्ट्रिंडबर्ग, कॅमेऱ्यामागे होता. स्वतः पाहिलेले त्याला चित्र म्हणून कधीच दिसले नाही. विश्रांतीविषयी लिहिताना हे उदाहरण जरा निष्ठुर आहे खरे. पण प्रतिमेला घाई नसते, घाई आपल्याला असते, हे त्याच्याइतके स्वच्छ मला दुसरीकडे कुठे सापडलेले नाही.

न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हिंडणारा गॅरी विनोग्रँड रोल मुद्दामच उशिरा धूत असे. फोटो काढतानाचा आनंद किंवा उमाळा विसरून जावा आणि आपलेच काम परक्या माणसासारखे पाहता यावे, हा त्याचा हेतू. त्या शिस्तीचे मला फार अप्रूप होते. पण १९८४ मध्ये तो गेला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले निघाले. धुणे त्याने लांबवले होते, टिपणे मात्र क्षणभरही थांबवले नव्हते. अशी भूक थोर असेलही; तिला विश्रांती म्हणवत नाही.

आता तर तो अंधारच उरला नाही. प्रत्येक क्लिकनंतर कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्याकडे झुकणारी मान मी रोज पाहतो. ती बहुधा माझीच असते. सतत टिपणाऱ्याचा डोळा हळूहळू चतुर होत जातो. खिडकीतून तिरपे ऊन आले की चौकट कशी बांधायची हे त्याला आधीच ठाऊक असते, मग समोर म्हातारी बसली आहे की मांजर, याने काही बिघडत नाही. ही कौशल्याची परिपूर्ती वाटते आणि तिथेच वाढ खुंटते. अशा वेळी हितचिंतक सांगतात, थोडा थांब, ताजातवाना हो, मग बघ काम कसे बहरेल. सल्ला प्रेमाचा असतो, पण माझा त्यावर फारसा विश्वास नाही. पुढच्या पिकावर नजर ठेवून घेतलेली विसावणी हीसुद्धा एक नोकरीच. तिथेही हजेरीपट असतो.

पावसाळ्यात आमच्याकडे कॅमेरा आपसूकच कपाटात जातो. दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्यांसह सारे सामान हवाबंद डब्यात. मग रिकाम्या हातांनी मी कधी भाजे, कधी कार्ले असा लेण्यांकडे जातो. विहारातल्या अरुंद कोठड्यांमधल्या दगडी ओट्यांवर भिक्षू वर्षावासात टेकत असतील: वर्षभराची भटकंती थांबवून पावसाचे तीन महिने एका जागी. पूर्वी मला वाटे, हा नेम त्यांच्या ध्यानासाठी, प्रकृतीसाठी असावा. बौद्ध भिक्षूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकात मात्र वेगळी कथा आहे. पावसात हिंडणारे भिक्षू कोवळे गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात, अशी लोकांची तक्रार होती आणि तिच्यावरून नेम ठरला. म्हणजे थांबणे थकलेल्या पायांसाठी नव्हते, पायाखालच्यांसाठी होते. हे वाचल्यापासून माझ्या मनातला प्रश्नच उलटा झाला. मी थांबल्याने मला काय मिळेल, हे मी विचारत आलो होतो. माझ्या नजरेखाली सतत येणाऱ्या माणसांना, घाटांना, उत्सवांना, शोकांना काय मिळेल, हे कधी विचारले नव्हते. टिपणे म्हणजेही थोडे तुडवणेच.

म्हणून होमाई व्यारावाला यांची आठवण येते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरा सांभाळत त्यांनी स्वातंत्र्याची पहाट टिपली, गांधीजींची अंत्ययात्रा टिपली, नेहरूंना तर कितीदा. १९७० मध्ये, पतीच्या निधनानंतर, त्यांनी हे काम सोडले. नव्या छायाचित्रकारांच्या वागण्यातली मर्यादा सुटत चालली आहे, अशा गर्दीत उभे राहण्यात अर्थ नाही, असे त्यांना वाटले. त्या २०१२ मध्ये वारल्या. मधली चार दशके, आधी पिलानीत आणि मग वडोदऱ्यात, त्या घर, बाग आणि शेजार यांत रमल्या. पद्मविभूषण मिळाले तेही कॅमेरा खाली ठेवून चाळीस वर्षे झाल्यावर. ती चाळीस वर्षे सगळे जण पोकळी म्हणून मोजतात, कशाची तरी वाया गेलेली शक्यता म्हणून हळहळतात. मला तसे वाटत नाही. वडोदऱ्याच्या बागेत किती सकाळी कसकसा उजेड उतरला असेल आणि त्यांनी तो नुसता पाहिला असेल, याची मी कल्पना करू लागतो. आणि मध्येच ध्यानात येते, की कल्पनेतही मी तिथे चौकटीच बांधतो आहे, एक्सपोजर ठरवतो आहे.