सावळेपण

सावळेपण हे आपल्याकडे आधी देवाचे आहे आणि मग माणसाचे. पंढरीच्या विठोबाचा वर्ण सावळा, रामाचा आणि कृष्णाचाही सावळा. भक्ताने ज्या रूपावर जीव ओवाळला त्या रूपाला हाच रंग त्याने दिला. हा शब्द मी पुष्कळ वर्षे मनाशी घोळवत आलो आहे, आणि अलीकडे विज्ञानाने जे उलगडले आहे त्याने तो मला अधिकच खोल वाटू लागला आहे.

पोलादपूर तालुक्यातले कुडपण सह्याद्रीच्या उतारावर आहे. मे महिन्यात सूर्य तिथे नेमका माथ्यावर येतो, आणि त्या उन्हात वरकस जमिनीवर राबणाऱ्या बाईच्या अंगावरचे सावळेपण म्हणजे त्वचेने स्वतःवर घेतलेले इरलेच होय. तीव्र उन्हातले अतिनील किरण शरीरातले फोलेट नष्ट करतात, आणि फोलेट कमी पडले की गर्भाचा मेंदू व पाठीचा कणा नीट घडत नाही. त्वचेतले मेलॅनिन ते किरण अडवते, म्हणून उष्ण प्रदेशात गडद वर्ण टिकला, आणि उत्तरेच्या मंद उन्हात ड जीवनसत्त्वासाठी किरण आत शिरावेत म्हणून तो उजळत गेला, अशी मांडणी नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली केली. तेव्हा सावळेपण हे न जन्मलेल्या बाळाचेही संरक्षण आहे.

आता आणखी एक पदर. १८५६ साली जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात ज्यांची हाडे सापडली, त्या निअँडरथल मानवांचा जनुकसंच स्वांते पेबो यांच्या गटाने २०१० मध्ये वाचला, आणि मूळ आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्यांचा अंश आहे हे कळले; आजच्या अंदाजाने तो सुमारे एक ते दोन टक्के आहे. तो कुडपणच्या शेतकऱ्यातही आहे आणि स्वीडनच्या गोऱ्या माणसातही. मग गोरेपण निअँडरथलांकडून आले काय? सहज मनात येणारा प्रश्न आहे, पण उत्तर तसे नाही. लाखाहून अधिक ब्रिटिश लोकांच्या माहितीवरून २०१७ मध्ये दिसले की निअँडरथल अंशांपैकी काही त्वचा उजळवतात, तर काही तिला गडद करतात. निअँडरथल लोपल्यानंतर हजारो वर्षांनी, म्हणजे आजपासून सुमारे सात हजार वर्षांपूर्वी, स्पेनमध्ये राहिलेल्या एका शिकाऱ्याची त्वचाही काळीसावळीच होती. त्वचा उजळवणारा एसएलसी२४ए५ या जनुकातला बदल वेगळाच, आणि तो भारतीयांत व युरोपीयांत एकाच मुळातून आला आहे, हे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये दाखवले. एका आईच्या पोटी एक सावळा आणि एक उजळ जन्मतो, त्यात वंशाचा भेद कुठला?

उलट, कोविडचा आजार बळावण्याशी जोडलेला निअँडरथल अंश दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत आहे आणि युरोपात त्याहून पुष्कळ कमी, हे २०२० मध्ये समोर आले. तो अंश सावळ्या अंगात आहे आणि उजळ अंगातही. डोळ्यांना त्याचा काही पत्ता लागत नाही.

देहावरून वंशाचा भेद ठरतो काय, हाच प्रश्न मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये हाताळला. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध असावा, अशी त्यांच्या मार्गदर्शकांची, ऑयगेन फिशर यांची, धारणा होती; बाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही हे त्यांच्याच संस्थेत लिहून दिले. त्या धैर्याला माझा नमस्कार आहे, कारण देहावरून कुळाची थोरवी ठरवणाऱ्यांच्या घरात बसून त्यांनी सत्य सांगितले.

सावळेपणात संतांना देव दिसला, आणि शास्त्राला त्यात सूर्य आणि गर्भाची काळजी दिसते. मला या दोन दर्शनांत विरोध वाटत नाही. म्हणून एक विनंती. लग्नाच्या परिचयपत्रात ‘वर्ण’ असा एक रकाना असतो. आपल्या घरातल्या मुलामुलींच्या पत्रात तो यापुढे ठेवू नका.