टोपी कोणाच्या डोक्यासाठी?

दिवाळी आटोपली की वडोदऱ्यात पहाटेची हवा पालटते आणि मंडळ्यांतील भगिनींच्या पिशव्यांतून लोकरीचे गुंडे डोकावू लागतात. नाताळापूर्वी गोरगरिबांना गरम कपडे वाटण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. ज्यांना विणकाम येत नाही त्यांनाही हातभार लावावासा वाटतो. अशा नवशिक्यांना बहुधा पहिला धडा मिळतो तो क्रोशाच्या साध्या, उभ्या पट्ट्यांच्या कानटोपीचा. हे सर्व चांगलेच आहे. परंतु त्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. जी टोपी बाजारात स्वस्त मिळते ती हाताने विणून गरजवंताला द्यावी काय? दिली, तर ते दान कोणाच्या उपयोगाचे, घेणाऱ्याच्या की देणाऱ्याच्या?

प्रथम ही टोपी कशी होते ते पाहू, कारण प्रश्नाचा काही भाग तिच्या विणीतच आहे. मोठ्या माणसासाठी मध्यम जाडीची सुमारे १०० ग्रॅम लोकर आणि ५ मिलिमीटरची क्रोशाची सुई घ्यावी. दुमडीसह टोपीची जेवढी उंची हवी, म्हणजे साधारण २५ सेंटीमीटर, तेवढी साखळी घालावी. तिच्यावर अर्ध्या खांबांची एक ओळ विणावी. त्यापुढच्या प्रत्येक ओळीत मात्र सुई टाक्याच्या दोन्ही दोऱ्यांखालून न घालता केवळ मागच्या दोऱ्याखालून घालावी. मोकळा राहिलेला पुढचा दोरा कंगोऱ्यासारखा उठून दिसतो, आणि असे कंगोरे एकापुढे एक आले की विणीला बाजाच्या भात्यासारख्या घड्या पडतात. पट्टी ४८ ते ५० सेंटीमीटर झाली की तिची दोन टोके जोडावी, एका कडेतून दोरा ओवून ती आवळावी आणि पक्की गाठ मारावी. विणताना आडव्या असलेल्या ओळी डोक्यावर उभ्या येतात.

या रीतीत टाके वाढवावे वा घटवावे लागत नाहीत, म्हणून ती नवशिक्यांना सोपी. जपायचे ते एवढेच की प्रत्येक ओळीअखेर टाके मोजावे. ओळीतला शेवटचा टाका नवख्या हातून हमखास सुटतो, आणि पाच-सहा ओळींनंतर कड तिरपी झालेली दिसते. मग उसवण्यावाचून गत्यंतर नसते. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर ५५ ते ५७ सेंटीमीटर असतो. टोपी त्याहून लहान ठेवली तरी भात्यासारखी वीण ताणली जाऊन डोक्यावर घट्ट बसते. म्हणून अनेक जण समजतात की ही टोपी कोणाच्याही डोक्याला होते. आमच्या मते घोटाळा येथेच सुरू होतो.

'कोणाच्याही डोक्याला' म्हणजे नेमके कोणाच्या? अकोट्याचेच उदाहरण घेऊ. विश्वामित्रीच्या पश्चिमेकडील ही वस्ती गेल्या काही दशकांत इमारतींनी भरून गेली. त्या इमारती बांधणारे मजूर पुष्कळदा दाहोद-पंचमहालांकडून येतात आणि काम चालू असेतो बांधकामाच्या आवारातच कुटुंबासह राहतात. फाटकाशी रात्रपाळीचा राखणदार असतो. पहाटे दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारी पोरे असतात. एखाद्या झोपडीत चार दिवसांचे बाळ असते. या सर्वांना थंडी वाजते, पण प्रत्येकाची थंडी वेगळी आहे.

मजूर शेकोटीभोवती बसतो. बाजारात लोकर म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे वास्तविक ॲक्रिलिकचे कृत्रिम सूत असते. ते स्वस्त, रंगीत आणि धुण्यास सोपे, परंतु ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटते. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही; पण गरम पाण्यात घालून दगडावर घासली तर ती आटून घट्ट होते आणि टोपी मुलाच्याही डोक्यात जात नाही. सुती दोरा धुण्याला चांगला, पण त्याला ताण कमी आणि ओला झाला की ऊब राहत नाही. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटीमीटर; अंगाच्या मानाने डोके मोठे असल्याने त्याची ऊब तेथून लवकर जाते. कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी धरून ठेवताना टोपी घालतात ती याचकरिता. पण तिला लोंबते धागे, मणी किंवा गोंडे असता कामा नयेत. राखणदाराचे म्हणणे निराळेच असू शकते. कान पूर्ण झाकले तर त्याला पाऊल वाजलेले ऐकू येत नाही.

हे सर्व कोठून कळते? विचारल्याने. ज्याने विचारले नाही त्याने टोपी विणली ती एका कल्पनेतल्या गरिबासाठी. त्या कल्पनेतल्या गरिबाला कोणताही रंग चालतो, कोणतेही माप चालते, आणि तो नेहमी कृतज्ञ असतो.

आता हिशेबाकडे वळू. पदपथावरची यंत्रावर विणलेली टोपी अनेकदा हातटोपीला लागणाऱ्या लोकरीच्याच दामात मिळते. नवशिक्या भगिनीच्या तीन-चार संध्याकाळी एका टोपीत जातात. तेवढ्या वेळात आणि पैशात तयार टोप्या आणल्या तर अधिक डोकी झाकतील. ही तक्रार कोरडी व्यवहारी म्हणून झिडकारण्याजोगी नाही, कारण ज्याला थंडी वाजते त्याच्या बाजूने ती केलेली आहे. तिला उत्तर देताना 'हातच्या वस्तूत प्रेम असते' असे आपण चटकन म्हणतो. पण प्रेम विणणाऱ्याच्या मनात असेल आणि टोपी कानावर येत नसेल, तर थंडी कोणाला वाजणार?

याच अकोट्याच्या मातीने या प्रश्नाला एक जुना दाखला ठेवला आहे. अकोट्याचे प्राचीन नाव अंकोट्टक. येथे १९५० च्या सुमारास ६८ जैन धातुमूर्ती सापडल्या. त्या पाचव्या ते बाराव्या शतकांतल्या असून वडोदऱ्याच्या संग्रहालयाचे भूषण आहेत. त्यांतील जीवंतस्वामींच्या एका मूर्तीच्या मस्तकावर मुकुट आहे, आणि तिच्यावरील लेखात ती नागीश्वरी नावाच्या श्राविकेने दिल्याचे नमूद आहे. तिचे नाव दीड हजार वर्षांच्या जवळपास टिकले. मूर्ती ओतणाऱ्या कारागिराचे नाव त्या लेखात नाही. यात नागीश्वरीला दोष देण्याचे कारण नाही. दात्याचे नाव लिहावे ही त्या काळची रीत होती. परंतु दानात दोन हात असतात, एक देणारा आणि एक करणारा, आणि जग बहुधा पहिल्याचीच नोंद ठेवते, हे आपण ध्यानात घ्यावे.

म्हणूनच 'विकत आणा' हे उत्तरही दिसते तितके सोपे नाही. साधे लोकरी विणकाम यंत्रावर होते. खरा क्रोशा मात्र आजही हातानेच होतो. यंत्रे त्याची नक्कल करतात एवढेच. तेव्हा दुकानात क्रोशाची वस्तू कवडीमोलाने दिसली तर कोठेतरी कोणाचे तरी हात त्यासाठी राबले आहेत, आणि त्यांना काय मिळाले हे त्या किमतीवरूनच समजावे. आंध्रातील नरसापूर येथे एकोणिसाव्या शतकात मिशनरी कुटुंबांनी गरीब स्त्रियांना क्रोशाची लेस शिकवली. हेतू सहाय्याचा होता. पुढे तिचा मोठा निर्यात व्यापार झाला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथील स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात दिसते ते असे: घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या या स्त्रियांची मिळकत शेतमजूर स्त्रीच्या किमान वेतनाहूनही पुष्कळ कमी होती, आणि त्यांना कामगार न म्हणता 'फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी' म्हटले जात असे. दयेने सुरू झालेले काम न्यायाची चौकशी न करता चालू राहिले तर काय होते, याचे हे उदाहरण आहे.

याउलट पंडिता रमाबाईंचे केडगाव आठवावे. १९०० च्या दुष्काळात, ज्याला आपल्या गुजरातेत छप्पनिया म्हणतात, त्यांनी येथूनही अनाथ व निराधार मुली मुक्तीत नेल्या. त्यांना अन्नवस्त्र दिले, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. विणकाम, शिवणकाम, शेती, छापखाना असे उद्योग त्यांच्या हाती दिले. तेथे घेणाऱ्या हातालाच करणारा हात बनवले गेले. टोपी देण्याहून टोपी विणण्याची विद्या देणे मोठे, पण तिचा मोबदलाही प्रामाणिकपणे द्यावा, हा धडा ही दोन उदाहरणे एकत्र ठेवली म्हणजे मिळतो.

येथे वाचकांना यापोच्या दुर्कसेची आठवण झाली असेल. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात तिच्या मृत्यूनंतर विधवा रडत पेत्राजवळ उभ्या राहतात आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवतात. तिने किती वस्त्रे केली, शिवण किती सुबक होती, हे लूक सांगत नाही. ती त्यांच्यामध्ये राहत असताना ती केली, एवढे मात्र सांगतो. आमच्या प्रश्नाची किल्ली आम्हांस येथे सापडते. ती ज्यांच्यासाठी शिवत होती त्या तिच्या ओळखीच्या होत्या. कोणाचा खांदा रुंद, कोणाला बाही लांब लागते, हे तिला विचारावे लागत नसावे. म्हणून तिच्यामागे त्या विधवांनी एका दात्यासाठी शोक केला नाही. आपल्यातली एक गेली म्हणून केला.

तर मग विणावी की विकत घ्यावी? आमचे उत्तर असे. डोके ठाऊक असेल तर विणा. ठाऊक नसेल तर विकत घ्या. ज्या राखणदाराशी आपण रोज बोलतो, ज्या बाळाला आपण हातात घेतले आहे, त्याच्यासाठी विणलेली टोपी बाजारच्या टोपीहून खरोखर सरस होऊ शकते, कारण ती त्याच्या मापाची, त्याच्या कामाला साजेशी असते. शंभर अनोळखी डोक्यांसाठी मात्र चांगल्या, टिकाऊ, तयार टोप्या आणणे हेच प्रेमाचे काम होय. त्यात आपल्या हातांचे कौतुक होणार नाही, पण कान झाकले जातील.

नवशिक्यांची पहिली टोपी त्यांनी स्वतः घालावी किंवा घरच्यांना द्यावी. उसवायला हवी ती तिरपी टोपी 'गरिबाला चालेल' म्हणून बाजूला ठेवणे हे दान नव्हे, तो अडगळीचा निकाल लावणे होय. जे आपल्या मुलाच्या डोक्यावर घालायला आपण संकोचू, ते दुसऱ्याच्या मुलाला देऊ नये. एवढी एक कसोटी लावली तरी दानाच्या पेटीतील निम्म्या वस्तू घरी परततील असे आम्हांस वाटते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. मुलांना ही टोपी अवश्य शिकवा. मुलगे आणि मुली दोघांनाही. परंतु साखळी घालण्यापूर्वी त्यांना कापडी माप देऊन एखाद्याकडे पाठवा, आणि चार प्रश्न विचारून यायला सांगा: घेर किती, रंग कोणता, धुणार कसे, कान झाकायचे की उघडे ठेवायचे? उत्तरे घेऊन परतलेल्या मुलाला त्या माणसाचे नावही ठाऊक झालेले असेल. कदाचित असेही कळेल की त्याला टोपी नको, पांघरूण हवे आहे, किंवा अडकलेली मजुरी हवी आहे. मग टोपी बाजूला ठेवून त्याचा विचार करावा लागेल. ते काम विणण्याहून कठीण आहे, परंतु टोपीच्या निमित्ताने ते आपल्यापुढे आले असेल तर ते टाळण्याची मोकळीक आपल्याला उरत नाही.