टूलकिट निवडताना

चि. मृणाल,


ग्रंथालयाच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर तू पायथनमध्ये लिहायला घेतलंस, फार आनंद झाला. खिडक्या-बटणांसाठी टूलकिट कोणतं घेऊ, क्यूट, जीटीके, डब्ल्यूएक्स की इलेक्ट्रॉन, असं विचारलंस. नमुने बघून ठरवू नकोस; नमुन्यात सगळीच देखणी असतात. रंगरूप पुढे बदलता येतं, टूलकिट बदलणं मात्र जिवावर येतं. गिंप या चित्रं संपादित करायच्या प्रोग्रामचंच बघ. जीटीकेचा जन्मच गिंपसाठी झालेला. तरी २०११ साली आलेल्या जीटीके ३ वर गिंप पोचलं ते २०२५मध्ये; तोवर जीटीके ४ येऊनही चार वर्षं उलटली होती.

तुमच्या ग्रंथपाल बाईंना दिसत नाही, त्या एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ऐकत विंडोजवर काम करतात, हे तू पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंस. माझ्या मते सगळा निर्णय तिथेच आहे. डब्ल्यूएक्स बटणं स्वतः रंगवत नाही, विंडोजचीच वापरतं. म्हणून स्क्रीन रीडरला ती आपसूक कळतात. खुद्द एनव्हीडीएच्या खिडक्याही डब्ल्यूएक्सपायथनमध्येच लिहिल्या आहेत. फक्त पुस्तकांच्या यादीसाठी त्यातलं ग्रिड घेऊ नकोस. ते डब्ल्यूएक्स स्वतः रेखाटतं, आणि स्क्रीन रीडर तिथे अडतो. लिस्टकंट्रोल घे. दिसायला साधं आहे, पण बाईंना ओळ न् ओळ ऐकू येईल.

क्यूटही भक्कम आहे, स्क्रीन रीडरला माहिती पुरवतं. तुझ्या कामाला मात्र त्याचा व्याप जास्त. पुढेमागे घेतलंस तर पायथनमधून ते वापरायला पायक्यूट नको, पायसाइड घे. पायक्यूटचा मोफत परवाना जीपीएल आहे. प्रोग्राम दुसऱ्याला दिलास की त्याचा सोर्सही द्यावा लागेल. इलेक्ट्रॉनबरोबर अख्खं क्रोमियम येतं, ते ग्रंथालयाच्या जुन्या कॉम्प्युटरवर लादू नये. टीकिंटर पायथनबरोबर आयतं मिळतं खरं, पण त्यामागचं टीके ८.६ स्क्रीन रीडरशी बोलत नाही, आणि लिनक्सवर जोडाक्षरंही नीट जुळवत नाही. मराठी ग्रंथालयाच्या यादीत ‘ज्ञानेश्वरी’ मोडकी दिसावी, हे मला सहन होणार नाही.

पुढे टूलकिट बदलावं लागलंच तर जड जाऊ नये म्हणून वर्गणी, दंडाचा हिशेब, पुस्तक परत घेण्याचे नियम या सगळ्याच्या फायली वेगळ्या ठेव. त्यांत डब्ल्यूएक्सचं नावही येता कामा नये. पहिली खिडकी उभी राहिली की माउस काढून ठेव, बाईंना नुसत्या कीबोर्डवर एक पुस्तक देऊन बघू दे, आणि त्या कुठे अडखळल्या ते मला सविस्तर कळव.

तुझी,
मावशी