कुंभार कोण?

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी अध्यापक विद्यालयात शिकते. प्राथमिक शिक्षिका होणे हे तिचे लहानपणापासूनचे स्वप्न. एका रविवारी मिस्सानंतर ती चार पाने घेऊन माझ्याकडे आली. ‘माझे शिक्षणविषयक तत्त्वज्ञान’ या विषयावर तिला निबंध सादर करायचा होता. ‘फादर, जरा नजर टाकाल का?’ अक्षर सुरेख, भाषा नेटकी, हेतू निर्मळ. प्रारंभीच तिने लिहिले होते, की मूल म्हणजे मातीचा गोळा आणि शिक्षक म्हणजे त्याला आकार देणारा कुंभार.

ही उपमा आपण सर्वांनीच ऐकली आहे. शिक्षकदिनाच्या भाषणांत ती हमखास येते. प्रवचनात मीही ती वापरली आहे. त्या दिवशी मात्र मी तिथेच अडखळलो. मातीला आकार देता येतो, हे खरे. पण मातीला तोंड नसते. तिला दुखले तर ती सांगू शकत नाही, आणि तिने काही सांगावे अशी कुंभाराची अपेक्षाही नसते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही एकाच लोहमार्गावरील आपली गावे. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात बदलापुरात बालवर्गातील दोन चिमुकल्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तक्रार नोंदविण्यास विलंब झाला, लोक संतापले, आणि २० ऑगस्टला जमावाने बदलापूर स्थानकात रूळ अडविले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. मुलींचे बोल घरच्यांपर्यंत पोहोचले होते. घराबाहेरच्या मोठ्या माणसांच्या कानी ते पोहोचायला मात्र वेळ लागला.

येथे केवळ इतरांकडे बोट दाखवून भागणार नाही. अनेक देशांत ख्रिस्तसभेच्या छायेतही बालकांवर अत्याचार झाले आणि संस्थेचे नाव राखण्यासाठी ते झाकले गेले. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी असे प्रकार वरिष्ठांना कळविणे धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर बंधनकारक केले. आपल्या देशात २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तर हे माहीत झालेल्या प्रत्येकावरच ते कळविण्याचे बंधन घातले आहे. कायदा हवाच, परंतु ज्याला मूल म्हणजे माती वाटते, त्याला कायदा ऐकायला कसे शिकविणार?

कोणी म्हणेल, ‘फादर, कुंभार आणि माती तर पवित्र शास्त्रातच आहेत.’ आहेत खरे. यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी गेला होता. पण तेथे कुंभार आहे परमेश्वर, आणि माती आहोत आपण सगळेच. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच चाकावर आहेत. एक जण चाकावर थोडा आधी चढला, एवढाच काय तो फरक. शिक्षक स्वतःला कुंभार समजू लागला, की तो नकळत देवाच्या आसनावर जाऊन बसतो.

मग शिक्षकाने करायचे तरी काय? मूल मोकाट सोडायचे? मुळीच नाही. पाढे पाठ व्हायला हवेत, अक्षराला वळण लागायला हवे, खोटे बोलणाऱ्याला थांबवायला हवे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली. वैद्य औषध देतो, पण रोग्याला बरे करते ते मुख्यतः त्याच्या शरीरातील निसर्गाचे बळ. त्याचप्रमाणे शिक्षक खुणा दाखवतो. जाणून घेते ती मुलाची स्वतःची बुद्धी. छडी भीती निर्माण करील, समज निर्माण करणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई केली आहे. संत थॉमस यांच्या विचाराचा रोखही तोच आहे.

या विचाराला देह लाभलेला पाहायचा असेल, तर फार दूर जायला नको. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासींच्या वस्तीत गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा झाली. आकार बदलला तो शाळेचा. माती कोणी व्हायचेच असेल, तर ती शाळेने आणि शिक्षकाने व्हावे.

आपल्या भागातील वर्गात सिंधी, मराठी, हिंदी, मल्याळम, तमिळ बोलणाऱ्या घरांतील मुले शेजारी शेजारी बसतात. कोपऱ्यात गप्प बसलेले मूल मठ्ठच असेल असे नाही. कदाचित त्याला समजेल अशा भाषेत कोणी हाकच मारली नसेल. कदाचित त्याला काही सांगायचे असेल. प्रभू येशूने शिष्यांमध्ये थोर कोण हा वाद मिटविताना एका बालकाला मध्यभागी उभे केले. त्याने त्याला घडविले नाही. मोठ्यांना त्याच्याकडे पाहायला लावले.

त्या मुलीला मी एवढेच म्हणालो, ‘बाळ, तू मुलांना काय बनवणार हे नंतर लिही. आधी, मूल तुझ्याजवळ येऊन काही सांगू लागले तर तू काय करशील, ते लिही.’ ती पाने घेऊन गेली. आठ दिवसांनी आली तेव्हा कुंभार गेला होता. त्या जागी साधे वाक्य होते : मुलांचे म्हणणे खरे असू शकते, हे मी कधीही विसरणार नाही.

हा प्रश्न शिक्षकांपुरता नाही. मूल शाळेतून घरी येते तेव्हा आपण विचारतो, ‘किती गुण मिळाले?’ ‘आज काय झाले?’ असे विचारून, उत्तर येईपर्यंत आपण कितीदा थांबतो?