मिरज कुणी घेतली, पुणं कुणाचं जळालं?

गेवराई तालुक्यातल्या गोदाकाठच्या राक्षसभुवनला लोक शनीच्या दर्शनाला येतात. १० ऑगस्ट १७६३ची पेशवे आणि निजामाची लढाई इथलीच. निवृत्त शिक्षक असलेले आबा आणि बीडच्या कोर्टात वकिली करणारी त्यांची नात यांच्यात वाद जुंपला तो या लढाईवरूनच. आरोपी होते पेशव्यांना सोडून निजामाला मिळालेले मिरजेचे सरदार गोपाळराव पटवर्धन.

“नोव्हेंबर १७६२मध्ये माधवराव पेशवे आळेगावला चुलते राघोबादादांना शरण गेले,” नातीनं बाजू मांडली. “सत्ता हाती येताच दादांनी गोपाळरावांवर राग काढला, मिरज घेतली. ते माधवरावांच्या बाजूचे होते ना! धनीच उलटल्यावर चाकरानं इमान राखायचं कुणाशी?”

“म्हणून निजामाला मिळायचं? त्याच निजामअलीच्या फौजेनं पुढं पुणं लुटलं, जाळलं. मिरज काय पुणेकरांनी घेतली होती?”

याला उत्तर नव्हतं. तिनं मोर्चा वळवला.

“मग विठ्ठल सुंदर? निजामाचे दिवाण, पण आपलेच मराठी. गोदावरीला पूर, धनी पैलतीरावर, आणि हे अलीकडं पेशव्यांशी लढताना मारले गेले. त्यांना कुणी फितूर म्हणतं का? आणि नागपूरकर जानोजी भोसले निजामाकडून ऐन वेळी फुटले, ती फितुरी आपल्याला गोड लागली!”

“लागली खरी,” आबा हसले. “पण माधवरावांकडं बघ. अठरा वर्षांचं वय. मानहानी त्यांचीही झाली होती. तरी ते निजामाकडं गेले नाहीत. उलट शत्रूच्या वेढ्यात सापडलेल्या चुलत्याला त्यांनीच सोडवलं.”

“राज्य त्यांचंच होतं, आबा. सरदाराची जहागीर गेली की त्याच्याकडं राहतं काय?”

हा पेच एकट्या मराठ्यांचा नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बेनेडिक्ट अर्नोल्डनं १७७७मध्ये सॅराटोगाला मर्दुमकी गाजवली, पाय जायबंदी करून घेतला. बढतीत डावलल्याचा सल त्याच्या मनात होता, डोक्यावर कर्जही होतं. १७८०मध्ये त्यानं वेस्ट पॉइंटचा किल्ला इंग्रजांच्या हवाली करायचा घाट घातला, तो फसला. पुढच्याच वर्षी इंग्रज फौज घेऊन त्यानं आपल्या जन्मगावाजवळचं न्यू लंडन जाळलं. सॅराटोगाला त्याच्या जखमी पायाचं स्मारक आहे, पण त्यावर नाव नाही.

अर्नोल्डला परत यायला वाट उरली नव्हती. गोपाळरावांना ती मिळाली. माधवरावांनी त्यांना मिरज परत दिली आणि हैदरअलीविरुद्धच्या मोहिमांत गोपाळराव पेशव्यांकडून लढले.

“म्हणजे सुटले की निर्दोष!” नात म्हणाली.

“पेशव्यांनी माफ केलं ते पेशव्यांपुरतं. ज्यांची घरं जळाली, त्यांना कुणी विचारलं?”

वकीलबाईंनी मग निकाल दोन भागांत दिला. मिरजेच्या अन्यायाचे दोषी राघोबादादा. पुण्याचा दोष मात्र गोपाळरावांच्या माथी, आणि मिरज परत मिळाल्यानं तो कमी होत नाही.

आबांनी अपील केलं नाही.