कीर्तनाचा व्हिडिओ आणि लोकैषणा

आपल्याच कीर्तनाचा व्हिडिओ भाविकांच्या गटांत पसरवणे धर्माला धरून आहे का, हा प्रश्न वारकरी परंपरेकडे न्यावा लागतो. पुत्र, वित्त आणि लोक यांच्या एषणांतून, म्हणजे इच्छांतून, ज्ञानी वर उठतो, असे बृहदारण्यक उपनिषद सांगते; प्रसिद्धीच्या ओढीलाही लोकैषणा म्हणतात. कीर्तनाच्या मोबदल्यात अन्न-द्रव्य घेणे तुकोबांनी निषिद्ध मानले. तरी अभंगाच्या शेवटी त्यांची नाममुद्रा असतेच. म्हणून नाव सांगणे हा दोष नव्हे. वारकऱ्यांत कीर्तनकारही दुसऱ्याच्या कीर्तनात टाळ घेऊन मागे उभा राहतो, आणि ही रीत फार मोलाची आहे. इतरांचे काहीच न ऐकता फक्त आपली लिंक टाकणारा ती मोडतो. अशी प्रसिद्धी ही भक्ती नव्हे.