यरीहोच्या भिंतीच्या आत कोण होतं?

मराठी चर्चच्या संडे स्कूलमध्ये वाढलेल्या कुणालाही यरीहोची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. सहा दिवस गावाभोवती रोज एक फेरी, सातव्या दिवशी सात फेऱ्या, सात याजकांच्या हातात मेंढ्याच्या शिंगांची रणशिंगं, मग सगळ्यांची एकच आरोळी आणि धडाधड कोसळलेली भिंत. मुलं खुर्च्यांची भिंत करतात, तिच्याभोवती फिरतात, ओरडतात आणि खुर्च्या पाडतात. लहानपणी याहून मजेची गोष्ट नसते.

गोष्ट तिथेच थांबवली जाते. यहोशवाच्या पुस्तकातला सहावा अध्याय मात्र तिथे थांबत नाही. भिंत पडल्यावर सैन्य आत शिरतं आणि पुरुष, स्त्रिया, तरुण, म्हातारे, एवढंच काय, बैल, मेंढरं आणि गाढवंही तलवारीने मारून टाकतं. मग गाव जाळलं जातं. हेरांना लपवणाऱ्या राहाब नावाच्या वेश्येचं कुटुंब तेवढं वाचतं. आणि हे सगळं देवाच्या आज्ञेने झालं, असं मजकूर सांगतो.

सात वर्षांच्या मुलांना हा भाग न सांगणं ठीकच आहे. पण मोठं झाल्यावर, होली लँड टूरच्या बसमधून प्रत्यक्ष यरीहोत उतरल्यावर, तो भाग गाळून पुढे जाता येत नाही. एका अख्ख्या गावाच्या संहाराला देवाचं काम म्हणणारा ग्रंथ आपण पवित्र मानतो. मग त्याच गावात उभं राहून आपण प्रार्थना कशी करायची?

टेकाड आणि गाव

यरुशलेम ते यरीहो हा रस्ता म्हणजे सतत उतार. थोड्याशा अंतरात आपण सुमारे हजार मीटर खाली येतो. वाटेत समुद्रसपाटी दाखवणारी पाटी लागते आणि बस त्याच्याही खाली जात राहते. दोन्ही बाजूंना करडे, बोडके डोंगर. आणि मग अचानक हिरवळ: खजूर, केळी, संत्री. यरीहो समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २५० मीटर खाली आहे. बायबल त्याला खजुरीच्या झाडांचं नगर म्हणतं, ते अजूनही खरं आहे.

गाव १९९४ पासून पॅलेस्टिनी प्रशासनाकडे आहे. वेशीवर हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत लिहिलेली मोठी लाल पाटी इस्रायली नागरिकांना आत जाण्यास मनाई करते. यात्रेकरूंच्या बसला अडचण नसते. त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो: जक्कय ज्यावर चढला असं सांगितलं जातं ते झाड, जुन्या नगराचं टेकाड, केबल कारने परीक्षेचा डोंगर आणि शेवटी खजुरांची खरेदी.

टेकाडाचं नाव टेल-अस-सुलतान. २०२३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. वर चढून खोल खणलेल्या खड्ड्यात डोकावलं की दगडी बुरूज दिसतो. साडेआठ मीटर उंच, आतून बावीस पायऱ्यांचा जिना, वय सुमारे दहा हजार वर्षं. इजिप्तचे पिरॅमिड उभे राहण्याच्या पाच हजारांहून अधिक वर्षं आधी इथल्या माणसांनी तो रचला होता.

याच टेकाडात १९५३ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांना माणसांच्या कवट्या सापडल्या. त्यांच्यावर गिलावा लिंपून नाक, गाल, हनुवटी पुन्हा घडवलेली होती आणि डोळ्यांच्या जागी शिंपले बसवलेले होते. या कवट्या यहोशवाच्या गोष्टीच्याही हजारो वर्षं आधीच्या. त्यामागची श्रद्धा नेमकी काय होती यावर अभ्यासक वाद घालतात. पण गेलेल्या माणसाचा चेहरा जाऊ नये म्हणून कुणीतरी तासन्‌तास बसून हे काम केलं, एवढं तर दिसतंच.

आणि आपण जी गोष्ट ऐकत आलो, त्यात याच गावातल्या लोकांना, एका राहाबचं घर सोडलं तर, चेहराच नाही.

तीन सोप्या वाटा

या अडचणीतून बाहेर पडायची पहिली वाट पुरातत्त्व दाखवतं. १९३० च्या दशकात जॉन गार्स्टँग यांनी इथे उत्खनन केलं आणि यहोशवाची कोसळलेली भिंत सापडली असं जाहीर केलं. पुढे १९५२ ते १९५८ या काळात केनियन यांनी अधिक काटेकोर पद्धतीने खणलं. गार्स्टँग यांच्या भिंती त्यांनी मानलेल्या काळाहून सुमारे हजार वर्षं जुन्या निघाल्या. इस्राएली लोक कनानात आले असं साधारण मानलं जातं त्या काळात यरीहोत मोठं तटबंदीचं शहरच नव्हतं, असा निष्कर्ष निघाला. काही अभ्यासक अजूनही तो मान्य करत नाहीत, बहुतेक करतात.

हे वाचून काही श्रद्धाळू घाबरतात. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. कत्तल झालीच नसेल तर प्रश्नच मिटला! पण तो मिटत नाही. घटना घडली नसली तरी गोष्ट घडली, आणि गोष्टी माणसांकडून कामं करवून घेतात. सतराव्या शतकात अमेरिकेच्या न्यू इंग्लंडमध्ये वस्ती करणाऱ्या गोऱ्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी तिथल्या मूळ रहिवाशांना कनानी आणि अमालेकी म्हटलं. एकदा कुणाला कनानी ठरवलं की त्याची जमीन घेणं हा आज्ञापालनाचाच भाग होतो. त्या मूळ रहिवाशांना यरीहोची भिंत कोणत्या शतकातली, याने काय फरक पडणार होता?

दुसरी वाट रूपकाची. तिसऱ्या शतकात ओरिगेनने यहोशवावरच्या प्रवचनांत ही युद्धं आत्म्याच्या आतली मानली: शत्रू म्हणजे आपली पापं, ती समूळ उपटायची. वाचन सुंदर आहे आणि त्यामागे ओरिगेनची खरी अस्वस्थताही आहे. आज आपण त्याची स्वस्त आवृत्ती ऐकतो. तुमच्या आयुष्यातली यरीहोची भिंत कोणती? कर्ज? आजारपण? अडकलेला व्हिसा? सात दिवस प्रार्थना करा! रूपकाला माझा विरोध नाही. पण ते चालायचं तर आधी तिथल्या लेकराबाळांना माणूस न राहता दुर्गुण बनावं लागतं. जिवंत माणसांना कनानी ठरवणाऱ्यांनीही याहून वेगळं काय केलं होतं?

तिसरी वाट: देवाची आज्ञा, प्रश्न विचारू नका. पण बायबलमधली माणसं प्रश्न विचारतात. सदोमचा नाश होणार हे कळल्यावर अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो. पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? दहा? परक्या गावासाठी देवाशी वाद घालणारा हा माणूस पुढे विश्वासणाऱ्यांचा पिता म्हणवला जातो. तेव्हा विचारणं म्हणजे अविश्वास, हे काही खरं नाही.

एक चौथी वाटही होती. दुसऱ्या शतकात मार्सियन म्हणाला की जुन्या कराराचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. जुना करार टाकून द्या. चर्चने ते नाकारलं, बरं केलं. सगळी क्रूरता यहुद्यांच्या पदरात घालून आपण हात धुऊन मोकळं होणं फार सोयीचं झालं असतं. तलवार तर ख्रिस्ती हातांनीही कमी चालवलेली नाही.

भिंतीच्या कोणत्या बाजूने?

यरीहोची गोष्ट आणखीही काही जणांनी आपली मानली. अमेरिकेतल्या गुलामगिरीत पिचलेल्या काळ्या लोकांचं यहोशवा आणि यरीहोवरचं एक गाणं आजही जगभर गायलं जातं. त्यांच्यासाठी भिंत म्हणजे मालकाची भिंत. ती कोसळावी असं म्हणण्यात कुणाची कत्तल नव्हती, श्वास घ्यायची आशा होती.

एकाच देशात एकच गोष्ट मालकाच्या हातात शस्त्र झाली आणि गुलामाच्या तोंडी गाणं. म्हणजे मजकुराइतकंच महत्त्वाचं हे की वाचणारा कुठे उभा आहे. १९८९ मध्ये रॉबर्ट अॅलन वॉरियर या ओसेज जमातीच्या अभ्यासकाने एका निबंधात लिहिलं की मुक्तीची ही बायबलकथा वाचताना मूळ अमेरिकन माणसाला स्वतःची जागा इस्राएलींत नाही, कनानी लोकांत सापडते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वाचन अनोळखी वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त वामन आणि बळीची गोष्ट बळीच्या बाजूने वाचली. तीन पावलांत जमीन मागणारा देव आणि पाताळात गेलेला राजा, ही गोष्ट शतकानुशतकं विजयाची म्हणून सांगितली गेली होती. फुल्यांनी विचारलं, ज्याची जमीन गेली तो कोण होता? हे पुस्तक त्यांनी अर्पण केलं तेही अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. मराठी ख्रिस्ती माणसाला दुसऱ्याच्या पुराणाबाबत हा प्रश्न आवडतो. तोच प्रश्न घरच्या पुस्तकाला विचारता आला पाहिजे.

बायबल यरीहोत परत येतं

त्या टेकाडावर उभं राहून मी यरीहोचे बायबलमधले सगळे उल्लेख ओळीने आठवत गेलो, तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न बायबललाही पडलेला असावा. ते या गावात पुन्हा पुन्हा परत येतं.

हल्ल्याच्या आधीच, पाचव्या अध्यायाच्या शेवटी, यरीहोजवळ यहोशवाला उपसलेली तलवार हातात घेतलेला एक पुरुष दिसतो. तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या, असं यहोशवा विचारतो. उत्तर येतं: नाही. मी परमेश्वराच्या सेनेचा सेनापती आहे. लगेच पुढच्या अध्यायात इतक्या खात्रीने बाजू घेतली जाते, पण हा नकार मजकुरातून कुणी पुसलेला नाही.

मग राहाब. मत्तय येशूची वंशावळ देतो, तेव्हा तिचं नाव त्यात घालतो. भिंतीच्या आतल्या बाईचं रक्त ख्रिस्तात आहे, असं ते पान सांगतं.

यहोशवाने यरीहो पुन्हा बांधणाऱ्याला शाप दिला होता. तरीही गाव पुन्हा वसलं. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात तिथले लोक अलीशा संदेष्ट्याकडे येतात: गाव चांगलं आहे, पण पाणी वाईट आहे. शापित गाव म्हणून अलीशा त्यांना हाकलून देत नाही. तो झऱ्यात मीठ टाकतो आणि पाणी गोड होतं. जुन्या करारातच हे घडतं. टेकाडाच्या पायथ्याचा झरा यात्रेकरू आजही अलीशाच्या नावाने ओळखतात, आणि त्याच्याच पाण्यावर इथली शेती पिकत आली आहे.

आणि शेवटी येशू. मराठीत यहोशवा आणि येशू ही दोन वेगळी नावं वाटतात. मुळात नाव एकच: हिब्रूत येहोशुआ, त्याचं आखूड रूप येशुआ. ग्रीक नव्या करारात दोघांसाठी एकच शब्द येतो. म्हणजे एकाच नावाची दोन माणसं यरीहोत शिरली. पहिला रणशिंगं घेऊन आला. दुसऱ्याने गर्दीत ओरडणाऱ्या आंधळ्या बार्तीमयला जवळ बोलावून विचारलं, मी तुझ्यासाठी काय करू? मग झाडावर चढलेल्या जक्कयला नावाने हाक मारली आणि म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे.

आपल्या बायबलात या झाडाला उंबर म्हटलंय. हे झाड आपल्या उंबराच्या नात्यातलंच, फळं थेट खोडाला लगडलेली. त्यावर चढलेला माणूस रोमसाठी लोकांकडून कर उकळणारा, गावाचा नावडता. येशू त्याच्या घरी जातो यावर गर्दी कुरकुरते. पण पाहुण्यासमोरच जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला निघतो आणि लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणतो. ज्या गावात एकदा दोषी-निर्दोष कुणालाच सोडलं नव्हतं, तिथे या वेळी दोषी माणसाच्या घरी जेवण झालं.

चांगल्या शोमरोन्याचा दाखलाही याच रस्त्यावर घडतो. यरुशलेमहून यरीहोला उतरताना लुटला गेलेला माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या बाजूचा, हे येशू सांगतच नाही. मदत करणारा मात्र ऐकणाऱ्यांच्या नावडत्या जमातीचा असतो.

बसमधून काय दिसतं

टेकाडाच्या अगदी जवळ ऐन-अस-सुलतान ही निर्वासितांची छावणी आहे. १९४८ मध्ये घरदार सोडावं लागलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबांसाठी ती उभी राहिली. १९६७ च्या युद्धात तिथले बहुतेक जण पुन्हा पळाले, यार्देनच्या पलीकडे. उरलेल्यांची मुलं, नातवंडं आज तिथे राहतात. टूरच्या कार्यक्रमात या छावणीचं नाव नसतं. यात्रेकरूच्या डोक्यातला नकाशा तीन हजार वर्षांपूर्वीचा असतो आणि त्या नकाशावर आज श्वास घेणारी माणसं बसत नाहीत. बसमध्ये कुणी सहज म्हणून जातं की ही सगळी भूमी बायबलप्रमाणे अमुक लोकांचीच. बोलणारा वाईट माणूस नसतो. फक्त त्याच्यासाठी खिडकीबाहेरचा माणूस पुन्हा एकदा कनानी झालेला असतो.

यावर तोडगा म्हणून आजच्या इस्रायलींना यहोशवाचं सैन्य ठरवणं हीदेखील तीच चूक. त्यांच्यातल्या कित्येकांच्या आजीआजोबांनीही घरदार गमावलं होतं. कुणालाही जुन्या गोष्टीतली भूमिका चिकटवली की त्याचा चेहरा जातो.

मला सापडलेलं उत्तर एवढंच आहे. सहावा अध्याय मी फाडून टाकणार नाही आणि त्याला रूपकाचा रंगही लावणार नाही. तो उपासनेत वाचला जाईल तेव्हा भिंतीच्या आतल्या माणसांसाठी क्षणभर थांबेन. प्रार्थनेची सुरुवात तिथूनच करायची. संडे स्कूलमध्ये शिकवायची वेळ आली तर मोठ्या मुलांना विचारेन, आत कोण कोण असेल? त्यांचं ते सांगतील: दळणारी बाई, झोपलेलं बाळ, गाढवाला पाणी पाजणारा मुलगा. हे विचारल्याने त्यांची श्रद्धा डळमळेल असं मला वाटत नाही. अब्राहामाची डळमळली नव्हती.

आणि यरीहोला जाणाऱ्या यात्रेकरूला सांगण्यासारखं एकच. टेकाडाभोवती सात फेऱ्या मारायचा उत्साह येतो, तेवढा वेळ गावात द्या. खजूर विकणाऱ्याशी बोला, त्याचं नाव विचारा, त्याने चहा देऊ केला तर बसा. आपण ज्याच्या मागे चालतो असं म्हणतो, तो या गावात पाहुणा म्हणून आला होता.